इंजिन बदललं म्हणजे स्ट्रीट रॉड झाली, असं नसतं

स्ट्रीट रॉड म्हणजे बाहेरून जुनी, पण आतून रस्त्यावर आरामात पळावी म्हणून नव्याने बांधलेली गाडी. दर ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या लुइव्हिलला अशा स्ट्रीट रॉडवाल्यांची मोठी जत्रा भरते, आणि दर वर्षी कुणीतरी तिथला फोटो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतं. १९३२ ची फोर्ड, टप कापून खाली आणलेला, मागची चाकं पुढच्यांपेक्षा रुंद. खाली लगेच सुरू : ‘वा, काय रिस्टोअर केलीय!’ अहो, त्या गाडीत रिस्टोअर झालेलं काही असलंच तर दाराचं हँडल असेल.

रिस्टोरेशन तुम्हाला सांगायला नको. मुंबई-पुण्याच्या व्हिंटेज रॅलीत आपण ते बघतोच. कारखान्यातून निघाली त्या दिवशी गाडी जशी होती तशी परत करायची, इंजिन आणि चासीचे नंबर जुळले पाहिजेत, स्क्रूसुद्धा त्या काळातला मिळाला तर उत्तम. तिथे कसब असतं ते स्वतःचं डोकं न चालवण्यात.

स्ट्रीट रॉडवाला नेमका डोकं चालवायला बसलेला असतो. जुन्याचा आकार त्याला हवाय, जुन्याचा त्रास नकोय. मूळ हॉट रॉडचं वेड निराळं होतं : दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुरॉकसारख्या कोरड्या तळ्यांवर पोरं मडगार्डं काढून, वजन घटवून गाड्या पळवायची. त्या शर्यतींना शिस्त लावायला १९३७ मध्ये संघटनाही निघाली. ‘स्ट्रीट’ हा शब्द पुढे जोडला गेला तो रस्त्यासाठी. १९७० मध्ये इलिनॉयमधल्या पिओरियात पहिलं राष्ट्रीय संमेलन भरलं, तेव्हा शर्यत हा मुद्दाच नव्हता. बायकोमुलांना बसवून चार राज्यं ओलांडायची, वाटेत एसी चालू. गाडी ट्रकवर लादून आणणाऱ्याबद्दल माझं मत अजूनही फारसं चांगलं नाही.

आता खरा घोळ. गाडीप्रेमी म्हणवणारे लोकही ‘दुसरं इंजिन बसवलं की स्ट्रीट रॉड’ असं छातीठोकपणे सांगतात. या हिशेबाने आपल्याकडे पेट्रोल परवडेना म्हणून ज्या कित्येक जुन्या अमेरिकन गाड्यांना डिझेल इंजिनं बसवली गेली, त्या सगळ्या स्ट्रीट रॉड ठरतील. त्या नव्हेत. त्या पोटापाण्यासाठी केलेल्या तडजोडी होत्या, आणि त्यात कमीपणा काही नाही.

फरक कुठे आहे? १९३२ ची फोर्ड व्ही-८ घ्या. ६५ हॉर्सपॉवर. ब्रेक सळ्यांचे, फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ पर्यंत दिलेच नाहीत. पुढे-मागे एकेक आडवा कमानपाटा. आणि इंजिनाचा फिरता जोर मागच्या एक्सलपर्यंत नेणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, एका बंद नळीत, टॉर्क ट्यूबमध्ये. ही नळी नुसतं झाकण नाही. मागचा एक्सल गाडीला जो ढकलतो, तो जोर तिच्यातूनच पुढे जातो, आणि एक्सल जागेवर धरायचं कामही तीच करते.

आता हिच्यात शेवरोलेचं ३५० घनइंची व्ही-८ आणि त्यामागे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवा. टॉर्क ट्यूब त्या गिअरबॉक्सला थेट जोडता येत नाही. मग उघडा शाफ्ट आला. उघडा शाफ्ट आला की जुना मागचा एक्सल बहुधा गेलाच. ट्यूब गेल्यावर एक्सलला धरणारं कुणी उरलं नाही, म्हणून चासीला नवे दांडे वेल्ड करायचे. चासीच्या पट्ट्या त्या काळच्या, आतून उघड्या. त्या नव्या ताकदीने पिळवटतात, म्हणून आतून पत्रा लावून बंद करायच्या. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, तेव्हा सळ्यांचे ब्रेक विसरा. चारही नाही तर निदान पुढे तरी डिस्क हव्यात. सहा व्होल्टचं वायरिंग जाऊन बारा व्होल्टचं आलं. रेडिएटर मोठा झाला. स्टिअरिंग बदललं, आणि त्याचा दांडा एक्सलच्या चालीशी जुळला नाही तर प्रत्येक खड्ड्याला गाडी आपणहून वळणार.

या ओळीतली कुठलीही कडी गाळली तर हातात उरते मोठं इंजिन घातलेली जुनी गाडी, आणि ती धोकादायक असते. सगळ्या कड्या जुळवल्या तर ती स्ट्रीट रॉड. इंजिन बदलणं ही गोष्टीची सुरुवात, गोष्ट नव्हे. म्हणून मी अशी गाडी दिसली की बॉनेट उघडायला सांगत नाही, खाली वाकून पुढच्या चाकामागे बघतो. १९३५ ते ४८ च्या गलेलठ्ठ मडगार्डांच्या गाड्यांत बहुतेकदा फोर्ड मस्टँग-२ च्या धर्तीचं पुढचं सस्पेन्शन दिसतं. सत्तरच्या दशकातल्या त्या छोट्या गाडीला मस्टँगवाल्यांनी पुढे बरीच नावं ठेवली, पण तिचा पुढचा भाग आटोपशीर, रॅक-पिनियन स्टिअरिंगसह, त्यामुळे हजारो म्हाताऱ्या गाड्या आज तिच्याच घाटाच्या पायांवर चालतात. ३२ सालच्या उघड्या चाकांच्या गाडीला मात्र मला खाली वाकवलेला अखंड एक्सलच हवा. तिथे स्वतंत्र सस्पेन्शनचे विशबोन, म्हणजे दोन फाट्यांचे दांडे, लटकताना दिसले की नऊवारीवर स्पोर्ट्स शूज बघितल्यासारखं होतं. आणि फोर्डमध्ये शेवरोलेचं इंजिन? स्वस्त, आटोपशीर, पार्ट कुठेही मिळतात, सगळं मान्य. मी घालणार नाही.

बाकीचे फरक किरकोळ. स्ट्रीट रॉड मुळात १९४८ पर्यंतच्या गाडीचीच, ही रेघ का, तर १९४९ च्या फोर्डपासून मडगार्डं बॉडीत विरघळली, टॉर्क ट्यूब गेली, पुढची चाकं स्वतंत्र झाली. म्हणजे रॉडवाल्याला जे बदलायचं तेच कंपनीने बदललं. संमेलनांनी ही रेघ पुढे बरीच सैल केली. रंग चकचकीत की गंजका, यावर काही ठरत नाही. मुद्दाम गंजवलेल्या गाड्यांना रॅट रॉड म्हणतात. मला त्या सोसत नाहीत, तो माझा प्रश्न.

हो, आणि ‘बॉडी तरी ओरिजिनल आहे ना?’ हा प्रश्न. रिस्टोरेशनमध्ये यावर सगळं अडतं. रॉडमध्ये बॉडी फायबरग्लासची असू शकते, किंवा ओहायोतल्या ब्रुकव्हिलमध्ये आज नव्याने ठोकलेल्या पोलादी पत्र्याची. अमेरिकेत कित्येक राज्यांच्या कायद्यांत स्ट्रीट रॉडची व्याख्याच अशी आहे की गाडी १९४९ च्या आधीची असावी किंवा तशी दिसणारी, नंतर बांधलेली. ‘तशी दिसणारी’ हे शब्द आपल्या आरटीओत उच्चारून बघा!

कारण आपल्याकडे कायदा नेमका उलट्या बाजूला उभा आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबर प्लेटवर ‘व्हीए’ येतं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार चालणार नाहीत. शिवाय तिने रोज रस्त्यावर फिरायचं नाही. दुसरीकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसी बुकातल्या कंपनीच्या मूळ तपशिलांपासून गाडी हटू देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात त्याचा अर्थ कडकपणेच लावला. म्हणजे जिला रिस्टोअर करून व्हिंटेज म्हणून नोंदवलं तिला रोज फिरवता येत नाही, आणि जी रोज फिरवण्यासाठीच बांधायची तिची नोंदणी होत नाही. तेव्हा कोल्हापूरच्या एखाद्या गॅरेजमध्ये मॅटाडोरचं इंजिन घातलेली जुनी डॉज दिसली, तर फोटो जरूर काढा. फक्त खाली ‘स्ट्रीट रॉड’ लिहू नका. आधी तिचे ब्रेक कसले आहेत ते विचारा.