कानाइमाला निघण्याआधी हे वाचा

कानाइमा राष्ट्रीय उद्यान व्हेनेझुएलाच्या आग्नेय भागात आहे आणि त्याचा पसारा सुमारे 30,000 चौरस किलोमीटरचा आहे. 1962 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं, 1994 मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. एंजल धबधब्याच्या बाजूला जायला रस्ता नाही. स्युदाद बोलिव्हार किंवा प्वेर्तो ओर्दासहून छोट्या विमानाने कानाइमा गावात उतरायचं आणि पुढे होडी. विमानात सामानाचं वजन मोजूनच घेतात, तेव्हा चाकांची मोठी बॅग आणू नका.

कधी जायचं, हे मात्र नीट समजून घ्या. एंजल धबधबा (स्थानिक पेमोन लोकांचा केरेपाकुपाय मेरू) 979 मीटर उंच आहे, त्यातली एकच धार 807 मीटर सरळ कोसळते. हे पाणी येतं आउयान-तेपुई या सपाट माथ्याच्या डोंगरावर पडणाऱ्या पावसातून. त्यामुळे साधारण डिसेंबर ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत धार बारीक होते, आणि नदीचं पाणी इतकं उतरतं की होड्या धबधब्यापर्यंत जाऊ शकत नाहीत. तेव्हा तो विमानातूनच बघावा लागतो. जून ते नोव्हेंबरमध्ये पाणी भरपूर, पण कड्यावर ढग बसले तर समोर उभं राहूनही काही दिसत नाही. आमचं मत विचाराल तर पावसाळ्यातच या आणि एक दिवस हाताशी जादा ठेवा. हा दिवस कापून खर्च वाचवू नका, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो.

काराओ आणि चुरुन नद्यांतून कुरियारा नावाच्या लांबट लाकडी होडीने उलट्या प्रवाहात जायला काही तास लागतात. खडकांमधून वाट काढणारे नावाडी पेमोन असतात. ते म्हणतील तेव्हा उतरून चालायचं. शेवटी जंगलातून तासाभराची चढण आहे, मुळं आणि ओले दगड, म्हणून पकड असलेले बूट हवेत. मुक्काम हॅमॉकमध्ये, म्हणजे टांगलेल्या झोळीत. 1937 मध्ये वैमानिक जिमी एंजल यांचं विमान आउयान-तेपुईच्या माथ्यावर चिखलात रुतलं, तेव्हा त्यांना आणि सोबतच्या तिघांना खाली यायला 11 दिवस लागले होते. तेवढी पायपीट तुमच्या वाट्याला नाही!

नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस दिसेल. ती घाण नव्हे, कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून उतरणाऱ्या टॅनिन या द्रव्याचा रंग आहे. एल सापो धबधब्याच्या पडद्यामागून चालत जाता येतं. फोन, पासपोर्ट वॉटरप्रूफ पिशवीत ठेवा, कारण तिथे कोरडं कोणीच राहत नाही.

पुरी-पुरी नावाच्या बारीक माश्या दिवसा चावतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या. भारतात परतताना तिचा दाखला लागतो. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. रोख डॉलर लहान नोटांत आणा.

रोराइमाबद्दल बरेच जण विचारतात. तो 2,810 मीटरचा तेपुई (सपाट माथ्याचा डोंगर) याच उद्यानात, पण पार दुसऱ्या टोकाला आहे. सांता एलेनाहून पाराइतेपुई गावापर्यंत गाडीने जायचं आणि तिथून पायी, येऊन-जाऊन साधारण सहा दिवस. एंजलच्या सहलीला तो जोडून देता येत नाही, वेगळी तारीख ठरवावी लागेल. माथ्यावरचे स्फटिक उचलून आणायला मनाई आहे आणि खाली उतरल्यावर बॅगा तपासतात.