मांडीच्या हाडावरची प्लेट आणि तिची रिकामी भोकं

मावशी मोरीत घसरून पडली आणि गुडघ्याच्या चार बोटं वर मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशननंतरचा एक्सरे खिडकीशी धरून बघत होतो तर प्लेटची, म्हणजे हाडाला स्क्रूंनी बसवलेल्या धातूच्या पट्टीची, मधली चार भोकं रिकामी. काका म्हणाले अरे, इथे स्क्रू टाकायचे राहिले की काय? मलाही तेच वाटलं. सर्जनना विचारलं तेव्हा कळलं की ती मुद्दाम रिकामी ठेवलीत, आणि तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत सुटलोय.

या जागी हाड मोडलं की खालचा तुकडा मागे वळतो, कारण पोटरीचा स्नायू त्याच्या मागच्या बाजूला चिकटलेला असतो आणि तो खेचत राहतो, वरून मांडीचे स्नायू खेचतात म्हणून पाय आखूड दिसतो. पायाला रक्त नेणारी मोठी धमनी तिथूनच अगदी जवळून जाते. मावशीला आणल्या आणल्या डॉक्टरांनी आधी पावलावर बोटं ठेवून नाडी बघितली ती त्यासाठीच.

पूर्वी अशा पेशंटला पायाला वजन लटकवून कित्येक आठवडे खाटेवर ठेवायचे, आपल्याकडे विटासुद्धा बांधायचे. हाड जुळायचं, पण गुडघा आखडून जायचा, म्हातारी माणसं तर न्यूमोनिया नाहीतर पाठीच्या जखमांनीच जायची. 1958 साली स्वित्झर्लंडमधल्या काही सर्जननी एओ नावाचा गट काढला, त्यांचं म्हणणं होतं की हाड ऑपरेशन करून पक्कं धरा आणि सांधा लगेच हलवायला लागा.

आता खरी गंमत ही की या एकाच हाडाला दोन वेगळे नियम लागतात. खाली गुडघ्यात जाणारा गुळगुळीत भाग तंतोतंत बसवावा लागतो, तिथे पायरी राहिली तर सांधा झिजतो. तिथली एक उभी चीर, जिला हॉफा फ्रॅक्चर म्हणतात, ती साध्या एक्सरेत सहज लपते म्हणून सीटी स्कॅन करतात. पण त्याच्या वर चुरा झालेला असेल तर एकेक तुकडा उचलून बसवायचा नाही, कारण त्या तुकड्यांना रक्त मिळतं ते भोवतालच्या स्नायूंतून, आणि ते सोडवले की तुकडा मेला. तिथे फक्त लांबी, सरळपणा आणि पायाचा पीळ बरोबर आणायचा, आणि सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच एक्सरे दाखवणाऱ्या यंत्रावर, बघत बघत लहान चिरेतून प्लेट स्नायूखालून वर सरकवायची.

मावशीचं हाड ठिसूळ. भुसभुशीत भिंतीत खिळा ठोकला की निघून येतो तसा साधा स्क्रू अशा हाडात सैल होतो. लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात, ते प्लेटच्या भोकात घट्ट बसतात आणि सगळं मिळून एकच सांगाडा होतो, एकटा स्क्रू उपटून निघणं अवघड.

मग सगळीच भोकं का नाही भरत? कारण प्लेट हाड जोडत नाही, ती नुसती धरून ठेवते. जोडतं हाडच, आणि नवीन हाड धरायला तिथे अगदी किंचित, डोळ्याला न दिसणारी हालचाल लागते. सांगाडा फार ताठ झाला तर हाड धरतच नाही, आणि इकडे प्लेटवर रोज ताण येत राहतो. तार पुन्हापुन्हा वाकवली की कशी तुटते, तशी चांगली स्टीलची प्लेटसुद्धा काही महिन्यांत तुटू शकते. मोडलेल्या जागेवरची भोकं रिकामी सोडली की तो ताण लांबीभर पसरतो.

मावशीची मिश्री मात्र त्याच दिवशी बंद करायला लावली, तंबाखूने हाड उशिरा धरतं. गुडघा दुसऱ्या दिवसापासून वाकवायला घेतला, रडायची बिचारी, पण वॉकर धरूनही त्या पायावर पूर्ण भार द्यायला बरेच आठवडे परवानगी नव्हती.

चौथ्या महिन्याचा एक्सरे पुन्हा खिडकीशी धरला. भोकं अजून रिकामीच, पण त्यांच्यासमोर हाडाच्या आतल्या बाजूला नव्या हाडाची ढगासारखी पांढरट सावली आलेली, काकांनी ती बोट ठेवून मावशीला दाखवली.