अमेरिकेतील राजकीय अलिप्तता

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सर्वसामान्य नागरिकांचा मोठा वर्ग मतदान, पक्षकार्य आणि स्थानिक कारभार यांपासून दूर राहतो. नोव्हेंबर 2024 च्या अध्यक्षीय निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांना सुमारे 7 कोटी 73 लाख आणि कमला हॅरिस यांना सुमारे 7 कोटी 50 लाख मते पडली. मतदानास पात्र असूनही मत न दिलेले लोक 9 कोटींच्या आसपास होते, म्हणजे विजयी उमेदवाराच्या मतांहून अधिक. तरी ही निवडणूक गर्दीचीच म्हणावी लागेल, कारण पात्र नागरिकांपैकी जवळपास 64 टक्के लोक मतदानाला आले. अध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावर होणाऱ्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, निवडणुकीत 2014 साली हे प्रमाण 36-37 टक्क्यांवर घसरले होते. 1942 नंतरचा तो नीचांक होता. महापौर किंवा शाळा मंडळ निवडताना तर अनेक शहरांत चौथा हिस्साही मतदार फिरकत नाही.

याचे खापर बहुधा लोकांच्या आळसावर फोडले जाते. इतिहास पाहिला तर हा आरोप टिकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अध्यक्षीय निवडणुकीत मताधिकार असलेल्यांपैकी 80 टक्क्यांच्या आसपास लोक मत देत. स्त्रियांना तेव्हा बहुतेक ठिकाणी मताधिकार नव्हता, हे खरे. पण ज्यांना होता, त्यांच्यासाठी निवडणूक म्हणजे मशालींच्या मिरवणुका आणि गावभर चर्चा असे. ही गर्दी पुढे आपोआप ओसरली नाही, बऱ्याच अंशी ती ओसरवली गेली. दक्षिणेतील राज्यांनी मतदान कर, साक्षरतेची परीक्षा आणि दहशत यांच्या जोरावर कृष्णवर्णीयांना यादीतून काढून टाकले. लुइझियानात 1896 मध्ये 1,30,334 कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. 1904 मध्ये उरले 1,342. उत्तरेतील शहरांत बोगस मतदान रोखण्याच्या नावाखाली नोंदणीचे कायदे आले, आणि त्यांचा सर्वाधिक जाच नव्याने आलेल्या स्थलांतरित कामगारांना झाला. 1924 पर्यंत अध्यक्षीय मतदान निम्म्याखाली गेले होते. दक्षिणेतील दरवाजे 1965 च्या मताधिकार कायद्याने उघडले. त्या कायद्याचे एक महत्त्वाचे कलम 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निष्प्रभ केले.

नोंदणीचे ओझे मात्र आजही बऱ्याच राज्यांत नागरिकाच्याच डोक्यावर आहे. घर बदलले, जिल्हा बदलला की नाव पुन्हा नोंदवायचे, तेही अनेक ठिकाणी निवडणुकीच्या कित्येक दिवस आधी. भाड्याने राहणारे, तरुण आणि नोकरीपायी सतत हलणारे लोक इथेच गळतात. नोंदणीच नसलेले राज्य एकच, नॉर्थ डकोटा. मतदानाचा दिवस नोव्हेंबरमधल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार असतो. 1845 चा हा कायदा घोडागाडीने जिल्ह्याच्या गावी जाणाऱ्या शेतकऱ्यांच्या सोयीचा होता. भारतात मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी हा कायदेशीर हक्क आहे. अमेरिकेत देशभर अशी सुट्टी नाही, त्यामुळे तासावर मजुरी घेणाऱ्याला रांगेतला वेळ पगारातून मोजावा लागतो. श्रीमंतांच्या तुलनेत गरिबांचे मतदान कमी असते, त्यामागे हे एक साधे कारण आहे.

अडथळे पार करून केंद्रापर्यंत पोहोचले, तरी मताला वजन किती, हा प्रश्न उरतोच, आणि या विषयाचा गाभा तोच आहे. अध्यक्षाची निवड 538 सदस्यांचे निर्वाचक मंडळ करते. मेन आणि नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्यात ज्याला एक मत जास्त, त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक मिळतात. त्यामुळे डेमोक्रॅटांचा गड असलेल्या कॅलिफोर्नियातील रिपब्लिकन किंवा रिपब्लिकनांचा गड असलेल्या अलाबामातील डेमोक्रॅट मतदाराने कितीही उत्साहाने मत दिले, तरी निकाल हलत नाही. 2024 मध्ये प्रचाराची सारी शक्ती पेनसिल्वेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना आणि नेवाडा या सात राज्यांत ओतली गेली. चुरशीच्या विस्कॉन्सिनमध्ये तीन चतुर्थांशाहून अधिक मतदार बाहेर पडले, तर निकाल आधीच ठाऊक असलेल्या हवाईमध्ये निम्मेच. 2000 आणि 2016 मध्ये तर देशभरात कमी मते मिळालेला उमेदवार अध्यक्ष झाला. दोन पक्षांपलीकडचा पर्याय शोधणाऱ्याची गत 1992 मध्ये दिसली. अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना सुमारे 19 टक्के मते पडली आणि निर्वाचक एकही मिळाला नाही.

काँग्रेसचे कनिष्ठ सभागृह असलेल्या प्रतिनिधिगृहाच्या 435 जागांपैकी बहुसंख्य जागा अशाच ठरलेल्या असतात. काही एकाच पक्षाच्या समर्थकांची दाट वस्ती असल्यामुळे, काही सत्ताधाऱ्यांनी मतदारसंघांच्या सीमा सोयीने आखल्यामुळे. अशा ठिकाणी खरी लढत प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत मतदानात होते, आणि तिथे मोजकेच लोक येतात. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2022 मध्ये मिशिगनमधील डेट्रॉइटच्या मतदारसंघातून निवडून गेले. तिथला निकाल ऑगस्टमधल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीतच लागला होता, अनेक उमेदवारांच्या गर्दीत सुमारे 28 टक्के मतांवर. नोव्हेंबरमधले मतदान केवळ औपचारिक उरले. अशा मतदारसंघातला माणूस नोव्हेंबरमध्ये घरी बसला, तर त्याला बेजबाबदार म्हणणे अन्यायाचे आहे.

यात अविश्वासाची भर पडते. वॉशिंग्टनचे सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करते, असे 1964 मध्ये तीन चतुर्थांश लोक सांगत. व्हिएतनाम युद्ध आणि अध्यक्ष निक्सन यांना पायउतार करणाऱ्या वॉटरगेट प्रकरणानंतर हा विश्वास कोसळला. अलीकडे तो 20 टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो. निवडणुकीवरील कंपन्यांच्या स्वतंत्र खर्चाला सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मोकळीक दिल्यापासून, आपले ऐकणारे कोणी नाही ही भावना आणखी घट्ट झाली. शिवाय सामान्य माणसाला राजकारणाशी जोडणारे दुवे तुटले. 1950 च्या दशकात सुमारे एक तृतीयांश कामगार संघटनांत होते, आता दहातला एक आहे. नगर परिषदेत काय ठरले ते छापणारी स्थानिक वृत्तपत्रे 2005 पासून एक तृतीयांशाहून अधिक बंद पडली. मत देण्याची आठवण करून देणारा सहकारी आणि गावची बातमी देणारा वार्ताहर गेल्यावर उरते ते टीव्हीवरचे भांडण, आणि त्याला कंटाळून लोक पाठ फिरवतात.

काहींना तर कायद्यानेच बाहेर ठेवले आहे. गुन्ह्याच्या शिक्षेमुळे मताधिकार गमावलेले सुमारे 40 लाख लोक आहेत. अमेरिकेच्या ताब्यातील पण राज्याचा दर्जा नसलेल्या पोर्तो रिको बेटावरील रहिवासी अमेरिकेचे नागरिक असूनही अध्यक्षासाठी मत देऊ शकत नाहीत. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षे अडकलेली अनेक मराठी कुटुंबे कर भरतात, मुलांना तिथल्या शाळांत शिकवतात. मताधिकार मात्र नागरिकत्व मिळाल्यावरच.

वाट सोपी केली की लोक येतात, याचे दाखले देशातच आहेत. मतदानाच्या दिवशीच नाव नोंदवण्याची सोय मिनेसोटात 1970 च्या दशकापासून आहे, आणि हे राज्य मतदानात सातत्याने आघाडीवर असते. 2020 मध्ये साथीमुळे टपाली मतदान अनेक राज्यांत खुले झाले. चुरस मोठी होतीच, त्यात ही सोय मिळाली आणि प्रमाण 66 टक्क्यांवर गेले, 1900 नंतरचे सर्वाधिक. ऑगस्ट 2022 मध्ये कॅन्ससमध्ये गर्भपाताच्या हक्कावर थेट जनमत घेतले गेले. प्रायमरीचा, एरवी सुनासुना जाणारा तो दिवस. कोणत्याही पक्षात न नोंदलेल्या मतदारांना त्या दिवशी मतपत्रिकेवर तेवढा एकच प्रश्न होता. एकूण 9 लाखांहून अधिक लोक मत द्यायला आले आणि 59 टक्क्यांनी हा हक्क काढून घेण्यास नकार दिला.