घोणस अळीचा फोटो बाजूनेही काढा

सप्टेंबर २०२२ मध्ये बीड आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात बांधावरचं गवत कापताना, उसात काम करताना काही शेतकऱ्यांना एका काटेरी अळीचा, म्हणजे घोणस अळीचा, चटका बसला. काहींना दवाखान्यात दाखल करावं लागलं. इथवर बातमी खरी होती. पण लगोलग व्हॉट्सअ‍ॅपवर कपाशीत पडलेल्या दोन मृतदेहांचा फोटो फिरू लागला. सोबत मजकूर होता, ही अळी चावली की माणूस काही मिनिटांत मरतो. ते दोघे वीज पडून गेले होते. कुणाच्या तरी घरच्या दुःखाचा फोटो असा भीती पसरवायला वापरावा, याचा मला आजही संताप येतो.

त्या भीतीपोटी दिसेल ती काटेरी अळी चिरडली जाते. त्यात पहिला बळी आंब्यावरच्या बॅरन फुलपाखराच्या अळीचा. ही अळी हिरवीगार, दोन्ही अंगांना पिसांसारखे लांब फुटवे आणि पाठीवर मधोमध फिकट रेघ. ती आंब्याच्या पानाच्या मधल्या शिरेवर बरोबर रेघ जुळवून बसते. फुटवे पानावर सपाट पसरतात, त्यामुळे तिची सावलीही पडत नाही. हात लावला तरी ती काही करत नाही.

घोणस अळी मात्र पतंगांच्या लिमॅकोडिडी कुळातली. वरून काढलेल्या फोटोत दोघी हिरव्या, दोघी काटेरी, म्हणून घोटाळा होतो. बाजूने, पानाच्या पातळीवर कॅमेरा आणून फोटो घ्या, की फरक कळतो. बहुतेक अळ्यांना छातीला पायांच्या तीन जोड्या आणि पोटाखाली मांसल पायांच्या पाचपर्यंत जोड्या असतात. बॅरनचे हे मांसल पाय पान घट्ट धरलेले दिसतात. लिमॅकोडिडी अळीला ते जवळजवळ नसतातच. तिचं पोट पानाला चिकटलेलं असतं आणि पातळ रेशमासारखा स्राव सोडत ती त्यावरून सरकते. डोकंही छातीखाली आत ओढलेलं असतं, त्यामुळे तोंड कुठलं आणि शेपूट कुठली हे पटकन कळत नाही.

आणि ती चावत नाही. विष असतं काट्यांत. काटा आतून पोकळ, विषाने भरलेला. त्वचेला लागला की त्याचं टोक इंजेक्शनच्या काचेच्या अँप्यूलसारखं मोडतं आणि विष आत उतरतं. याच कुळातल्या डोराटिफेरा वल्नेरान्स या ऑस्ट्रेलियातल्या अळीचं विष तिथल्या संशोधकांनी तपासलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एकाच अळीच्या विषात १५१ प्रथिनं आणि पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांसारखेच पण छोटे रेणू, सापडली. वेदनेचं मुख्य कारण ठरलेली पेप्टाइडं निघाली सिक्रोपिनच्या घराण्यातली, आणि हे वाचल्यापासून मी या अळ्यांच्या प्रेमातच पडलो आहे.

कारण सिक्रोपिन हे मुळात विषच नाही. कीटकांच्या शरीरात जिवाणू शिरले की त्यांना मारणारं ते औषध. १९८० च्या सुमारास ते सिक्रोपिया नावाच्या मोठ्या रेशमी पतंगात सापडलं. जिवाणूच्या पटलाच्या, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाच्या, बाहेरच्या अंगावर ऋणभार असतो, सिक्रोपिनवर धनभार. म्हणून ते तिथे जाऊन चिकटतं. त्याचा रेणू मळसूत्री, एक बाजू पाण्यात रमणारी, दुसरी तेलकट. तेलकट बाजू पटलातल्या मेदात घुसते, पटल फाटतं आणि जिवाणू मरतो. उत्क्रांतीत या अळ्यांच्या सिक्रोपिनमध्ये बदल होत गेले आणि तेच रेणू सस्तन प्राण्यांच्या वेदनावाहक चेतापेशींवर चालू लागले. चेतापेशीच्या आत-बाहेर सोडियम, पोटॅशियमच्या आयनांचा, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांचा, ठरावीक तोल असतो. पटलाला गळती लागली की आयन वाट्टेल तसे आत-बाहेर होतात, तोल ढळतो आणि पेशी संदेश पाठवू लागते. मेंदूला कळतं एवढंच, की हात भाजतोय. आपल्याकडच्या जातीतली रसायनं नेमकी हीच असतील असं नाही, पण चटका बसलेला माणूस 'आग आग' म्हणतो ते अगदी बरोबर आहे.

नाव तेच असलं तरी गोष्ट वेगळी. घोणस सापाचं विष रक्त गोठण्याची यंत्रणाच बिघडवतं आणि त्याने माणूस दगावतो. या अळीच्या चटक्याने आग होते, सूज येते, गांधी उठतात. अ‍ॅलर्जी असलेल्याला मात्र तो चांगलाच महागात पडू शकतो. दम लागला, चेहरा सुजला, गरगरलं, तर तडक दवाखाना गाठावा. एरवी जागा चोळू नये, त्याने रुतलेले काटे आणखी आत जातात. चिकटपट्टी हलकेच लावून ओढावी म्हणजे मोडलेले काटे निघून येतात. मग साबणपाण्याने धुऊन बर्फ लावावा. मंतरलेला अंगारा किंवा पाल्याचा रस लावत वेळ घालवू नये.

फोटो काढायचा तर पान हातात धरू नका, फांदी काडीने वळवा. फोनवर क्लिपची मॅक्रो लेन्स पुरते, फ्लॅश टाळा, काट्यांवर चकाकी येऊन रंग बिघडतात. एक फोटो वरून, एक बाजूने आणि एक त्या झाडाचा, पानं ओळखू येतील असा. आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर टाकताना हे तिन्ही एकाच नोंदीत टाका. अळी कशावर खात होती हे कळलं, की जाणकाराला जात ओळखणं पुष्कळ सोपं जातं.