दोघांत एक काचोपो: आस्तुरियासच्या भरल्या स्टेकची पार्श्वभूमी

फेब्रुवारी उजाडला की 'दोघांसाठी स्पॅनिश स्टफ्ड स्टेक' घरी करून बघायची हौस अनेकांना येते. या पदार्थाचं स्पेनमधलं सर्वात नावाजलेलं घराणं उत्तर किनाऱ्यावरच्या आस्तुरियास प्रांतात आहे. तिथे त्याला काचोपो म्हणतात. कोवळ्या गोमांसाचे दोन मोठे, पातळ काप घ्यायचे, मधे खारवून सुकवलेलं हॅम आणि चीज ठेवायचं, वरून मैदा, अंडं आणि पावाचा चुरा लावायचा आणि तेलात खरपूस तळायचं. आकार एवढा मोठा की अनेकदा ताटाच्या कडेबाहेर येतो. दोघं जेवायला बसले तर एकच मागवतात आणि मधोमध कापून वाटून घेतात.

हा पदार्थ भरल्या घरचा वाटतो. पण तो नावारूपाला आला ती वर्षं स्पेनमधल्या उपासमारीची होती. त्याच सुमारास स्पेनमध्ये 'प्रेमिकांचा दिवस' रुजवला गेला आणि त्यातही एका आस्तुरियन माणसाचा मोठा हात होता. मला या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्याशा वाटतात.

आधी प्रदेश समजून घेऊ. स्पेन म्हटलं की तापलेलं रान, ऑलिव्हच्या बागा आणि मेंढ्या डोळ्यासमोर येतात. आस्तुरियास तसं नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला पिकोस दे एउरोपा हे अडीच हजार मीटरच्या वर जाणारे डोंगर, आणि मधे वर्षभर पाऊस झेलणारी हिरवी कुरणं. इथलं धन म्हणजे गाय. ती दुधासाठी, शेतीच्या कामासाठी आणि अडीनडीला विकण्यासाठी असायची, त्यामुळे शेतकऱ्याच्या ताटात गोमांस क्वचितच यायचं. घरचं मांस डुकराचं. हिवाळ्यात डुक्कर मारून त्याची सॉसेजं आणि हॅम करून ठेवायचे आणि ते वर्षभर पुरवायचे. इथल्या आस्तुरियाना दे लोस बायेस या जातीतल्या अनेक जनावरांमध्ये एका जनुकीय बदलामुळे स्नायू दुप्पट भरतात आणि चरबी फार कमी असते. असं मांस मऊ असतं, पण तव्यावर जरा जास्त राहिलं की कोरडं पडतं. हॅमची चरबी आणि वितळलेलं चीज मधे घालण्यात म्हणूनच मोठा शहाणपणा आहे: जे मांसात कमी आहे, ते सारण भरून काढतं.

मांसाचा काप चुऱ्यात घोळवून तळायची पद्धत युरोपभर जुनी आहे. मिलान आणि व्हिएन्नाचे पदार्थ जगाला माहीत आहेत. स्पेनच्या दक्षिणेत, कोर्दोबाकडे, डुकराच्या मांसाच्या कापात हॅम गुंडाळून त्याची लांब सुरळी तळतात, ती फ्लामेनकिन. हॅम-चीजचा छोटा तळलेला 'सान हाकोबो' तर देशभर शाळकरी मुलांच्या जेवणात असतो. स्वित्झर्लंडचा कॉर्दों ब्लूही 1940 च्या दशकातलाच मानतात. तेव्हा कापात चीज भरण्याची कल्पना एकट्या आस्तुरियासची नाही. आस्तुरियासने तिला आकार दिला, स्वतःचं मांस आणि स्वतःचं चीज दिलं.

काचोपोच्या जन्माबद्दल तिथे वाद आहेत. घरोघरी असा पदार्थ आधीपासून होता, असंही अनेक जण म्हणतात. पण रेस्टॉरंटचा पदार्थ म्हणून त्याची गोष्ट सांगताना सर्रास एक नाव आणि एक साल घेतलं जातं: राजधानी ओव्हिएदोमधलं पेलायो रेस्टॉरंट, 1947.

ते साल नीट बघायला हवं. ओव्हिएदो तेव्हा दोन मोठ्या आघातांतून उठत होतं. ऑक्टोबर 1934 मध्ये कोळसा खाणींतल्या कामगारांनी उठाव केला, तो लष्कराने मोडून काढला आणि त्यात शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. दोन वर्षांत यादवी युद्ध पेटलं आणि शहराला वेढा पडला. युद्ध संपलं 1939 मध्ये, आणि त्याच वर्षी मे महिन्यात युद्ध जिंकलेल्या हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने रेशनिंग लागू केलं. ते 1952 पर्यंत टिकलं. पाव, तेल, साखर, मांस, सगळं कार्डावर. कार्डावर मिळायचं ते पुरायचं नाही आणि उरलेलं काळ्या बाजारात सोन्याच्या भावाने घ्यावं लागायचं. मुंबईतही 1943 पासून रेशनिंग होतं, त्यामुळे त्या पिढीच्या आपल्या माणसांना हे चित्र वेगळं समजावून सांगायची गरज पडली नसती. डिसेंबर 1946 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी फ्रँकोच्या राजवटीचा निषेध म्हणून सदस्य देशांना माद्रिदमधून राजदूत माघारी बोलवायला सांगितलं. पुढे मार्शल योजनेच्या, म्हणजे युद्धाने मोडलेल्या युरोपला अमेरिकेने दिलेल्या मदतीतूनही स्पेनला वगळलं गेलं. त्या एकटेपणात मोठा आधार होता अर्जेंटिनाच्या गव्हाचा. जून 1947 मध्ये अर्जेंटिनाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एव्हा पेरॉन स्पेनच्या दौऱ्यावर आल्या, तेव्हा त्यांच्या स्वागतामागे त्या गव्हाची कृतज्ञताही होती.

अशा वर्षी ताटात मांसाचे दोन अख्खे काप, मधे हॅम, मधे चीज, वर अंडं आणि गव्हाच्या पावाचा चुरा, आणि हे सगळं भरपूर तेलात तळलेलं. यातली एकूण एक वस्तू तेव्हा दुर्मीळ होती. ज्यांना हे परवडत होतं ते मोजकेच. बाकीच्यांसाठी ते फक्त स्वप्न होतं आणि काचोपोचा अवाढव्य आकार मला त्या स्वप्नाचाच वाटतो. पुढे 1960 च्या दशकात हातात पैसा आला, तेव्हा खाणकामगाराच्या कुटुंबालाही रविवारी हे ताट मागवता येऊ लागलं, आणि आकार लहान करायचं कुणाच्या मनात आलं नाही.

आता दुसरा धागा. आस्तुरियासमधली तरुण पोरं पिढ्यान्‌पिढ्या नशीब काढायला क्युबाला जात. ग्रादो भागात 1891 मध्ये जन्मलेले पेपिन फेर्नांदेस त्यांपैकीच एक. हवानाच्या 'एल एन्कांतो' या भव्य दुकानात त्यांनी व्यापार शिकला, मायदेशी परतले आणि 1943 मध्ये माद्रिदला 'गालेरियास प्रेसियादोस' हे डिपार्टमेंट स्टोअर उघडलं. सणाच्या निमित्ताने माल कसा खपवायचा, हे ते हवानात बघून आले होते. 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी 14 फेब्रुवारीला 'प्रेमिकांचा दिवस' म्हणून भेटवस्तूंच्या जाहिराती सुरू केल्या. वृत्तपत्रांतून सेसार गोन्सालेस-रुआनो या लेखकानेही त्या दिवसाचा पुरस्कार केला. दहाएक वर्षांत तो इतका रुळला की 1959 मध्ये त्यावर एक लोकप्रिय चित्रपट निघाला.

त्याआधी स्पेनमध्ये प्रेमाचे दिवस नव्हते असं नाही. कातालोनियात 23 एप्रिलला, सान जोर्दीला, गुलाब आणि पुस्तक देतात. व्हॅलेन्सियात 9 ऑक्टोबरला पुरुष आपल्या प्रियेला रेशमी रुमालात बांधून बदामाच्या मिठाईची रंगीत फळं देतात. हे प्रांताप्रांताचे, जुन्या मुळांचे सण. दुकानाने आणलेला सण मात्र सगळ्या देशाचा झाला.

पण तेव्हाचं 'दोघांचं जेवण' आजच्यासारखं निवांत नव्हतं. फ्रँकोच्या स्पेनमध्ये बऱ्या घरची मुलगी मुलाबरोबर एकटी फिरत नसे, सोबत मावशी, बहीण, कुणीतरी असायचंच. लग्नानंतरही नोकरी धरायला किंवा बँकेत खातं उघडायला बाईला नवऱ्याची परवानगी लागायची आणि तो कायदा 1975 मध्ये गेला. मेणबत्ती लावून समोरासमोर बसण्याचा जो साधा आनंद आपण गृहीत धरतो, तो तिथल्या आज्यांना फार उशिरा मिळाला. म्हणून या जेवणाला नुसतं 'रोमँटिक' म्हणून पुढे जावंसं मला वाटत नाही.

आता ताटातल्या बाकीच्या गोष्टी. काब्रालेस हे आस्तुरियासचं सर्वात झणझणीत निळं चीज पिकोस दे एउरोपाच्या चुनखडीच्या गुहांत पिकतं. गुहेत वर्षभर साधारण 8 ते 12 अंश तापमान आणि 90 टक्क्यांच्या आसपास दमटपणा असतो. लाकडी फळ्यांवर ठेवलेल्या चीजचे गोळे मधूनमधून उलटवत राहतात, आणि बुरशी बाहेरून आत शिरत जाते. पूर्वी हे चीज झाडाच्या पानांत गुंडाळून बाजारात यायचं. 1981 पासून त्याला भौगोलिक नामाचं संरक्षण आहे. काचोपोत ते कमीच घालावं, नाहीतर मांसाची चव दबते. पुष्कळ जण सौम्य, सहज वितळणारं गाईच्या दुधाचं चीजच घेतात.

बाजूला असतात भाजलेल्या लाल पिकिल्यो मिरच्या आणि तळलेले बटाटे. दोन्ही अमेरिकेतून आलेले. कोलंबस 1493 मध्ये परतला तेव्हा मिरची घेऊनच. बटाटा 1570 च्या दशकात सेव्हिलच्या एका रुग्णालयाच्या खरेदीत दिसतो. पिकिल्यो नव्हारा प्रांतातल्या लोदोसाकडची. ती विस्तवावर भाजतात आणि साल पाण्याने न धुता हाताने काढतात, म्हणजे धुराचा वास टिकतो. तिची आणि आपल्या ब्याडगीची जात वनस्पतिशास्त्रात एकच. तीच मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्याला लागली. 1580 ते 1640 ही साठ वर्षं पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्याच राजाच्या डोक्यावर होता, म्हणजे गोवा, वसई आणि चौल तेव्हा त्याच राजाच्या नावाने चालत होते. गोव्यात आजही कटलेट-पावासाठी बीफचा पातळ काप मसाल्यात मुरवून, अंड्यात बुडवून, रव्यात घोळवून तळतात. सारण नसतं, पण घडण तीच.

काचोपोबरोबर वाइन चालते, तरी आस्तुरियासमध्ये मान सिद्राचा, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या दारूचा. ओतणारा बाटली डोक्याच्या वर धरतो, दुसऱ्या हातातला ग्लास कमरेखाली तिरपा, आणि वरून पडणारी बारीक धार काचेच्या काठावर फुटते. तेवढ्याने सिद्राला फेस येतो. ग्लासात दोन घोट असतात, ते लगेच एका दमात प्यायचे. शेवटचा थेंबभर भाग ग्लासच्या त्याच काठावरून जमिनीवर ओततात, कारण जुन्या रीतीप्रमाणे ग्लास एकच आणि तो पुढच्या माणसाकडे जाणार असतो. या सिद्रासंस्कृतीला युनेस्कोने डिसेंबर 2024 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. दोघांच्या जेवणाला एक ताट आणि एक ग्लास, ही रीत तिथे कुठल्याही जाहिरातीच्या आधीपासून आहे.

गेल्या काही वर्षांत काचोपो स्पेनभर पसरला. माद्रिदमध्ये त्याच्यावर चालणारी रेस्टॉरंटं आहेत, उत्तम काचोपोच्या स्पर्धा भरतात, आणि सारणात मशरूम, शतावरी, खजूर असं काय काय येतं. कोंबडीचे आणि हेक माशाचेही काचोपो मेनूवर असतात. महाराष्ट्रात 2015 पासून बैलाच्या मांसावरही बंदी आहे आणि अनेक घरांत गोमांस शिजत नाही, तिथे चिकनचा काचोपो ही पळवाट नव्हे, स्पेनमध्येच मान्य झालेला प्रकार आहे.

घरी करताना एकाच गोष्टीकडे लक्ष द्यावं, ती म्हणजे कडा. काप ठोकून अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत पातळ करायचे. त्यावर आधी हॅम, मग चीज, मग पुन्हा हॅम. चीज दोन्ही बाजूंनी हॅममध्ये राहिलं की तेलात सुटत नाही. सगळीकडून बोटभर कड मोकळी सोडायची, वरचा काप ठेवून ती कड पुन्हा हलक्या हाताने ठोकायची, आणि चुरा लावल्यावर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचं. तेल मध्यम तापलेलं हवं, कढईपेक्षा पसरट पॅन बरा. एका वेळी एकच काचोपो तळायचा, एकदाच उलटायचा, आणि बाहेर काढल्यावर दोन मिनिटं तसाच ठेवून मग कापायचा.