कानाने कंप्रता ओळखणे

ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकून त्यातला कोणता आवाज किती हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती कंपनांचा (हीच त्याची कंप्रता), हे कानाने ठरवण्याची पद्धत. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येते. कंप्रता दुप्पट झाली की सूर एक सप्तक वर जातो: पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी सहा ४४० हर्ट्झची, तर खालच्या सप्तकातली २२०. भजनी मंडळात वाढलेल्याला पट्टी कळतेच. त्याला फक्त आकडा शिकावा लागतो.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर २००० सालापासून उपलब्ध आहे. अशा सॉफ्टवेअरच्या इक्वलायझरमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या कंप्रतांचा जोर कमीजास्त करणाऱ्या साधनात, कंप्रतांचा एक अरुंद पट्टा सुमारे १० डेसिबलने उचलायचा आणि खालून वर हळूहळू सरकवायचा. खटकणारा आवाज जिथे एकदम अंगावर येतो, तिथे त्याची कंप्रता. मात्र इतका उचलला तर कुठलाही पट्टा वाईटच वाजतो, म्हणून इक्वलायझर बंद-चालू करून खात्री केलीच पाहिजे. आवाजाची पातळीही एकच ठेवावी. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले.

दुसरी रीत सूर जुळवण्याची. सॉफ्टवेअरमध्ये माहीत असलेल्या कंप्रतेचा शुद्ध सूर तयार करून तो रेकॉर्डिंगसोबत वाजवायचा. दोन्ही सूर जवळ आले की आवाज लाटेसारखा कमीजास्त होतो. सेकंदाला दोन लाटा म्हणजे फरक २ हर्ट्झचा. तंबोरा लावणारे हेच ऐकतात.

मराठवाड्यातल्या एखाद्या शेतवस्तीवर गोंधळ रेकॉर्ड केला, तर संबळ, तुणतुणे आणि झांजेसोबत विहिरीवरची मोटारही येते. दोन ध्रुवांची मोटार मिनिटाला ३,००० पेक्षा थोडे कमी फेरे घेते, त्यामुळे तिच्या फिरण्याचा सूर ५० हर्ट्झच्या किंचित खाली असतो. माइकच्या वायरीतून शिरणारी विजेची गुणगुण मात्र ५० हर्ट्झ आणि तिच्या पटींत, १०० आणि १५० वर. सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापे) घेतलेल्या रेकॉर्डिंगचा कंप्रतांचा आलेख एका वेळी ४,०९६ नमुन्यांच्या खिडकीतून काढला, तर त्याचे टप्पे सुमारे ११ हर्ट्झचे पडतात आणि दोन्ही आवाज एकाच उंचवट्यात मिसळतात. ५० हर्ट्झचा सूर सोबत वाजवला की मोटारीच्या लाटा वेगळ्या ऐकू येतात. त्यासाठी चांगले हेडफोन हवेत. मोबाइलच्या स्पीकरमधून इतका खर्ज निघतच नाही.

जात्यावरच्या ओवीची गोष्ट वेगळी. आलेखात जात्याची घरघर नुसता खालचा गोंगाट दिसते, आणि नवखा संपादक ती कापून टाकतो. ती कापू नये. ओवीची लय दगडाच्या फेऱ्यावर बसलेली असते. घरघर गेली की ओळींमधले थांबे पोरके होतात.