सहा-बिट लेन्स कोडिंग आणि फिल्टरची रंगदुरुस्ती

सहा-बिट लेन्स कोडिंग ही लायका कंपनीच्या एम मालिकेतील डिजिटल रेंजफाइंडर (वेगळ्या दृश्यखिडकीतून अंतर जुळवून फोकस करणाऱ्या) कॅमेऱ्यांना लेन्सची ओळख पटवून देणारी खुणांची पद्धत आहे. लेन्सच्या मागील धातूच्या कड्यावर सहा बारीक खळगे असतात आणि प्रत्येक खळगा काळ्या किंवा पांढऱ्या रंगाने भरलेला असतो; लेन्स बसवताच कॅमेऱ्याच्या माउंटमधील (लेन्स बसवण्याच्या कड्यातील) प्रकाशीय वाचक ही ओळ वाचतो. सहा खुणांतून ६४ वेगवेगळ्या जुळण्या मिळतात. हा माउंट, म्हणजे एम बायोनेट, १९५४ मधील असून त्यावर विजेचे संपर्कबिंदू नाहीत. त्यामुळे जुन्या लेन्सनाही कारखान्यात नवे कडे बसवून कोड देता येईल, असा हा मार्ग निवडला गेला.

ही पद्धत प्रत्यक्ष उपयोगात आली ती २००६ च्या एम८ या कॅमेऱ्याबरोबर, आणि तिची निकड ज्या दोषामुळे जाणवली तो मुळात लेन्सचा नव्हताच. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसल्याने लेन्सचे मागचे टोक सेन्सरच्या अगदी जवळ येते आणि कोपऱ्यांवर किरण फार तिरके पडतात. सेन्सरवर अवरक्त किरण अडवणारी जाड काच ठेवली तर हे तिरके किरण तिच्यातून जाताना कोपऱ्यांतील तपशील बिघडवतात, म्हणून एम८ मध्ये ही काच अवघी ०.५ मिमी जाडीची ठेवण्यात आली. तपशील टिकला, पण अवरक्त प्रकाशही आत शिरला. परिणामी पॉलिएस्टरचा काळा कोट छायाचित्रात चक्क वांगी रंगाचा दिसे, आणि त्याच चौकटीतली दुसरी काळी वस्तू मात्र काळीच राही. अशा विसंगतीवर संगणकात एकच सरसकट दुरुस्ती लागू पडत नाही. म्हणून कंपनीने ग्राहकांना लेन्सच्या पुढे लावायचे यूव्ही-आयआर, म्हणजे अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारे, फिल्टर दिले.

इथे एका दोषावरच्या उपायाने दुसरा दोष आणला. हा फिल्टर काचेवरील अनेक पातळ थरांच्या व्यतिकरणावर (थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळण्यावर) चालतो, आणि अशा थरांतून प्रकाश जितका तिरका जाईल तितकी अडवणुकीची सीमा कमी तरंगलांबीकडे, म्हणजे अवरक्ताकडून दृश्य लाल रंगाकडे सरकते. रुंद कोनाच्या लेन्समध्ये त्यामुळे कोपऱ्यांतला लाल प्रकाश कापला जाऊन तिथे निळसर-हिरवी झाक येते. मध्यभाग स्वच्छ राहतो. ही झाक किती आणि कुठून सुरू होणार हे लेन्सनुसार बदलते, म्हणून कॅमेऱ्याला लेन्स कोणती हे कळणे भाग होते. कोड वाचला की कॅमेरा त्या लेन्ससाठी ठरवलेल्या प्रमाणात कोपऱ्यांतील लाल वाढवतो आणि काळवंडलेल्या कडाही उजळतो. लेन्सचे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा आकार) मात्र कोडमधून कळत नाही. एम८ पुढील बाजूच्या छोट्या प्रकाशमापकाचे वाचन आणि लेन्समधून आलेला प्रकाश यांची तुलना करून त्याचा अंदाज बांधतो.

फिल्टर लावला आहे की नाही, हेही कॅमेऱ्याला समजत नाही. ते छायाचित्रकाराने मेनूत सांगायचे असते: लेन्स-ओळख बंद, चालू, किंवा चालू आणि सोबत यूव्ही-आयआर. फिल्टर काढून तिसरा पर्याय तसाच राहिला, तर अनावश्यक दुरुस्ती होऊन पांढऱ्या भिंतीचे कोपरे लालसर येतात. हा घोळ सहसा घरी आल्यावरच लक्षात येतो.

२००९ च्या एम९ मध्ये सेन्सर पूर्ण २४ × ३६ मिमीचा झाला आणि त्यावरील काच ०.८ मिमीची, त्यामुळे फिल्टरची गरज संपली. उलट एम८ चा जुना फिल्टर रुंद लेन्सवर तसाच ठेवला तर कोपऱ्यांतली झाक परत येते, कारण या कॅमेऱ्यात तिच्यासाठीची दुरुस्तीच नाही. मात्र कोडिंग निरुपयोगी झाले नाही: पूर्ण आकाराच्या सेन्सरवर काही रुंद लेन्स चित्राची एक कड लालसर आणि दुसरी हिरवट करतात, ज्याला छायाचित्रकार गमतीने ‘इटालियन झेंडा’ म्हणतात, आणि त्याची दुरुस्तीही लेन्सच्या ओळखीवरच अवलंबून असते. कोड नसलेल्या लेन्सचे नाव एम९ च्या मेनूतून हाताने निवडता येते. एम८ वर ही सोय नव्हती.

म्हणून एम८ वापरणाऱ्यांनी हाताने कोड रंगवण्याची युक्ती काढली. इतर कंपन्यांच्या लेन्सवर, किंवा ३९ मिमी आट्याच्या जुन्या लेन्ससाठीच्या अडॅप्टरवर, मिळत्याजुळत्या लायका लेन्सचे काळे ठिपके पक्क्या शाईच्या मार्करने उमटवले जात. ती शाई लेन्स चढवता-उतरवताना घासली जाते आणि एक ठिपका पुसट झाला की कॅमेरा भलतीच लेन्स ओळखतो किंवा काहीच ओळखत नाही. त्यामुळे ठिपक्यांच्या जागी खळगे कोरलेले अडॅप्टरच अधिक भरवशाचे ठरले.